देवळाचे दार मिटले म्हणून धर्म बुडतो काय ?

इसवी सन 2020 च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीने बहुतेक राष्ट्रांस घरात कोंडून घातले, तेव्हा दुकाने आणि शाळा यांच्याबरोबर देवळे, मशिदी, गुरुद्वारे व ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे यांचीही दारे मिटली. दुकान मिटल्याचे दुःख लोकांनी रुपयांत मोजले; परंतु देवाचे दार मिटल्याचे दुःख कशात मोजावे हे कोणासच उमगेना. कोणी म्हणाले, धर्म बुडाला. कोणी म्हणाले, बरे झाले, धर्मावाचून काही अडत नाही हे एकदाचे सिद्ध झाले. पुढे साथ ओसरली, दारे उघडली, घंटा पूर्ववत वाजू लागल्या, आणि ज्या प्रश्नाने घरोघर वाद माजविला होता तो उत्तरावाचूनच अडगळीत जाऊन पडला. तहान लागल्यावर विहीर खणावयास घ्यावयाची, आणि तहान भागली की अर्धवट खणलेली विहीर बुजवून टाकावयाची, ही आमची जुनी खोड आहे. पुढली साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती येणारच नाही असे म्हणण्याचे धाडस कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. म्हणून डोके थंड असताना, आणि कोणाच्याही दारावर कुलूप नसताना, या प्रश्नाचा निकाल लावून ठेवणे इष्ट होय असे आम्हांस वाटते.

प्रश्न असा आहे : लोकांनी एकत्र जमणे हेच जर मरणाचे कारण होऊ लागले, तर ज्या धर्माचा प्राणच एकत्र जमण्यात आहे त्याने काय करावे ? हा प्रश्न सर्वच धर्मांस लागू आहे. तथापि ख्रिस्ती धर्मास तो विशेष तीव्रतेने लागू पडतो. हिंदु गृहस्थ घरच्या देव्हाऱ्यापुढे एकटा बसून पूजा आटोपू शकतो. ख्रिस्ती उपासनेचा पाया मात्र मंडळी हा आहे. रविवारी सर्वांनी एका छताखाली जमावयाचे, एका सुरात गावयाचे, एकाच भाकरीचा तुकडा आणि पुष्कळ पंथांत एकाच प्याल्यातला घोट घ्यावयाचा, शेजाऱ्याचा हात हाती घेऊन त्यास शांती चिंतावयाची, ही त्या उपासनेची रीत. यांतील एकेक कृत्य वैद्याच्या दृष्टीने पाहिले असता रोगास दिलेले आमंत्रणच ठरते. अशा पेचात सापडलेल्या मंडळींनी काय केले हे पाहिल्यास आमच्या ख्रिस्ती वाचकांस स्वतःच्या परंपरेचे स्मरण होईल, आणि इतरांस दुसऱ्याच्या आरशात आपला चेहरा निवांतपणे न्याहाळता येईल.

याचे उत्तम उदाहरण साडेतीनशे वर्षांहून अधिक जुने आहे. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात डोंगराळ मुलखात ईम नावाचे एक खेडे आहे. 1665 साली लंडन शहरात प्लेगने थैमान मांडले असता, त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास लंडनहून या गावच्या शिंप्याकडे कापडाचा एक गठ्ठा आला. कापड दमट होते, म्हणून शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स याने ते विस्तवापुढे वाळत घातले. त्या कापडातून रोगाच्या पिसवा आल्या असे मानले जाते. थोड्याच दिवसांत विकर्स मरण पावला, आणि वर्ष सरण्याच्या आत गावात 40 हून अधिक माणसे दगावली. हिवाळ्यात रोग मंदावला, आणि 1666 च्या उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा भडकला. ज्यांस बाहेर आसरा होता अशी काही सुखवस्तू कुटुंबे आधीच निघून गेली होती. राहिलेलेही बोचकी बांधू लागले. गाव उठले असते तर त्याबरोबर रोगही उठून आसपासच्या वाड्यावस्त्यांत आणि बाजारपेठांत शिरला असता, हे उघड आहे.

गावचा धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन हा या वेळी तिशीही न गाठलेला, गावात येऊन जेमतेम दोन वर्षे झालेला तरुण होता. लोकांचे प्रेम त्याच्यावर नव्हते. ते त्याच्या आधीच्या टॉमस स्टॅन्ली या उपदेशकावर होते. स्टॅन्ली हा प्युरिटन पंथाचा. 1662 साली पार्लमेंटाने कायदा करून सर्व उपदेशकांवर एकाच प्रार्थनापुस्तकाची सक्ती केली, ती न मानल्यामुळे त्याची वृत्ती गेली. 1665 सालच्या दुसऱ्या एका कायद्याने अशा पदच्युत उपदेशकांस, विशिष्ट शपथ घेतल्यावाचून, आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत राहण्याचीही मनाई केली. म्हणजे एकाच गावात एक उपदेशक राजाच्या कायद्याने गादीवर बसलेला, आणि दुसरा त्याच कायद्याने गादीवरून उठविलेला; एकाजवळ अधिकार होता पण विश्वास नव्हता, दुसऱ्याजवळ विश्वास होता पण अधिकार नव्हता. असे दोघे सामान्यतः एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. आमच्या इकडे तर दोन पंथांचे दोन पुढारी गावास आग लागली असताही पाण्याची घागर प्रथम कोणी उचलावी यावर वाद घालीत बसतील. परंतु मॉम्पेसनने स्टॅन्लीकडे जाऊन त्यास बरोबर घेतले, आणि 1666 च्या जून महिन्यात दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी मांडल्या.

पहिली, ज्याच्या घरी माणूस मरेल त्याने ते प्रेत चर्चच्या आवारात न नेता आपल्याच परसात वा शेतात पुरावे. दुसरी, चर्चचे दार लावून घ्यावे आणि उपासना उघड्यावर करावी. तिसरी, गावाभोवती एक मर्यादा आखून, रोग हटेपर्यंत तिच्या आतल्याने बाहेर जाऊ नये आणि बाहेरच्याने आत येऊ नये. बाहेरून अन्न आणून सीमेवरील दगडापाशी ठेवावयाचे, आणि त्याचे पैसे दगडातील खळग्यांत शिरका घालून त्यांत, किंवा झऱ्याच्या वाहत्या पाण्यात सोडावयाचे, अशी व्यवस्था ठरली. जवळच चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरचा अर्ल राहत असे, त्याने अन्नसामग्री पुरविण्याचे पत्करले. गावाने हे मानले.

या तीन ठरावांपैकी दुसऱ्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. गावालगत कक्लेट डेल्फ या नावाची एक हिरवी घळ आहे. चर्च मिटल्यावर तेथे उपासना होऊ लागली. मॉम्पेसन तेथील खडकाच्या एका कमानीत उभा राहून प्रार्थना म्हणे आणि उपदेश करी, आणि एकेक कुटुंब दुसऱ्यापासून अंतर राखून उतारावर उभे राही. आता यात काय टाकले आणि काय राखले याचा हिशेब वाचकांनी करून पाहावा. छप्पर टाकले, भिंती टाकल्या, बाकांवर खेटून बसण्याची रीत टाकली, आणि वाडवडिलांच्या शेजारी पवित्र भूमीत चिरनिद्रा घेण्याचा हक्कही टाकला; त्या काळच्या श्रद्धाळू मनास हे शेवटचे टाकणे किती जड गेले असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे. राखले ते काय ? रविवार राखला, प्रार्थना राखली, उपदेश राखला, आणि मंडळीने मंडळी म्हणून एकमेकांस दिसावे हेही राखले. एवंच, उपासना बंद झाली नाही, केवळ तिचे ठिकाण बदलले. धर्मातील कोणती वस्तू पात्र आहे आणि कोणती त्यातील पाणी आहे, हे त्या खेडवळ लोकांनी शास्त्रार्थाचे एकही पुस्तक न उघडता ओळखले.

याची किंमत त्यांनी काय दिली तेही सांगितले पाहिजे. त्या ऑगस्टात एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या स्त्रीने आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुले गमावली, आणि ठरल्याप्रमाणे त्या सर्वांस आपल्या हातांनी शेतात पुरले. त्याच महिन्याच्या अखेरीस मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन वारली. नोव्हेंबरच्या आरंभी शेवटचा मृत्यू झाला तोवर परंपरेने मोजलेला आकडा 260 वर गेला होता. गावची मूळ वस्ती किती होती याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही, 350 पासून 800 पर्यंत अंदाज केले जातात. पण कोणताही अंदाज घेतला तरी गावाचा मोठा भाग नाहीसा झाला. मात्र या काळात रोग गावाची मर्यादा ओलांडून भोवतालच्या मुलखात पसरला नाही.

या कथेवर आक्षेप आहेत, आणि वकिलीच्या धंद्यात एकच बाजू मांडून न्यायाधीशास फसविणे आम्ही पाप समजतो. म्हणून तेही येथे देतो. पहिला आक्षेप असा की मॉम्पेसनने आपली मुले मर्यादा आखण्यापूर्वीच बाहेर पाठविली. हे खरे आहे, आणि त्याचा डाग त्याच्या नावावर राहील. त्याच्या पत्नीने मात्र मुलांबरोबर न जाता गावातच राहणे पसंत केले आणि ती तेथेच मेली, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. दुसरा आक्षेप असा की श्रीमंत आधीच निघून गेले होते आणि गरिबांस जावयास जागाच नव्हती, तेव्हा त्यांच्या त्यागाचे पुढील काळातील लेखकांनी अवास्तव स्तोम माजविले. यातही तथ्य आहे. सार्वजनिक संकटात त्यागाचा वाटा नेहमी गरिबाच्या ताटात अधिक पडतो, आणि पुढे त्याचे गोडवे मात्र सुखवस्तू लोक गातात. तिसरा आक्षेप शास्त्राचा. प्लेगचा जंतू 1894 साली हाँगकाँगात सापडला, आणि उंदरांवरील पिसवांमार्फत तो माणसास बाधतो हे पॉल-लुई सिमों याने 1898 साली कराचीत प्रयोगाने दाखविले. मग माणसांस माणसांपासून दूर ठेवून काय साधले, असा प्रश्न विचारला जातो. परंतु ईमच्या मृत्युनोंदींचे गणित मांडून 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, त्या गावातील सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसास झाली असावी. हे खरे असेल तर घळीतल्या उपासनेने काही जीव निश्चित वाचविले असतील.

पण आमच्या मते या कथेचे खरे मर्म वैद्यकात नसून अधिकाराच्या स्वरूपात आहे. ही मर्यादा कोणत्याही शिपायाने आखली नव्हती. राजाचा हुकूम नव्हता, दंड नव्हता, तुरुंग नव्हता. जो कायदा होता त्याने उलट त्या दोन उपदेशकांत वैरच पेरले होते. गावाने मान्य केले ते आपल्याच माणसांनी, आपल्याच धर्माच्या भाषेत, स्वतः मरणाच्या छायेत उभे राहून सांगितले म्हणून. याच्या शेजारी आमच्या पुण्याचे 1897 साल ठेवावे. त्या वर्षी 4 फेब्रुवारी रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. देवघर, माजघर आणि बायकांची खोली यांतला भेद त्या शिपायास ठाऊक नव्हता, व ठाऊक करून घेण्याची त्यास गरजही वाटली नाही. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले, आणि ज्या उपायांनी रोग हटावयाचा ते उपायच रोगाहून भयंकर वाटू लागले. रोग एकच, हेतूही वरवर एकच. परंतु एके ठिकाणी लोकांस आपला उपदेशक दिसला, दुसरे ठिकाणी परका शिपाई. हा भेद आमच्या राज्यकर्त्यांनी, ते आता स्वकीय असले तरी, कधीही विसरू नये.

त्याच साथीत मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांनी जे केले तेही ईमच्या घळीची आठवण करून देणारे आहे. गिरगाव, माझगाव, वांद्रे या भागांत गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात. त्यांपैकी पुष्कळ 1896 नंतरच्या प्लेगच्या वर्षांत रोगनिवारणार्थ उभारलेले आहेत, आणि शेजारपाजारची माणसे तेथे उघड्यावर जमून प्रार्थना करीत. त्या क्रूसांपुढून रोज जाणाऱ्या किती मुंबईकरांस हे ठाऊक आहे ? आम्ही त्यांस रस्त्याच्या वळणावरील खूण समजतो. वास्तविक ती एका भ्यालेल्या पण न खचलेल्या वस्तीची साक्ष आहे.

आता 2020 सालाकडे वळू. साथीच्या आरंभी काय घडले ? फ्रान्समधील म्यूलूझ येथे फेब्रुवारीत एका मंडळीच्या मेळाव्यास दोन हजारांहून अधिक माणसे आली, आणि तेथून रोग देशभर गेला. त्या वेळी कोणतीही बंदी नव्हती, म्हणून त्या मंडळीस दोष देणे अन्यायाचे होईल. अजाणता झालेला अपघात आणि जाणूनबुजून केलेला हट्ट यांत कायदाही भेद करतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानात 10 मार्च रोजी 61 गायक एका चर्चच्या सभागृहात गाण्याच्या तालमीस जमले. तालीम अडीच तास चालली. पुढे त्यांपैकी 53 जण आजारी पडले आणि दोघे मरण पावले. या घटनेनंतर एकत्र गाण्यातील धोक्याविषयी शंका राहिली नाही. ज्या धर्मात गाणे ही प्रार्थनाच आहे, त्यास हे कळणे किती कटु वाटले असेल !

अशा स्थितीत जुन्या आणि कर्मठ म्हणविल्या जाणाऱ्या संस्थांनी जी लवचिकता दाखविली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोमच्या धर्मपीठाने मार्चमध्येच आज्ञापत्रे काढून कळविले की पवित्र सप्ताहातील विधी धर्मगुरूंनी लोकांवाचून करावे, आणि पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी त्या वर्षी गाळावा. 27 मार्च रोजी संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसाने भिजलेल्या सेंट पीटरच्या विस्तीर्ण चौकात, समोर जनसमुदाय नसताना, जगासाठी प्रार्थना केली. जेथे सणावारी पाय ठेवावयास जागा नसते तेथे एकच वृद्ध मनुष्य उभा, हे दृश्य कोट्यवधी लोकांनी आपापल्या घरी बसून पाहिले. त्या दिवशी चौक रिकामा होता म्हणून प्रार्थना रिकामी झाली, असे म्हणण्याची आमची छाती नाही.

इंग्लंडच्या चर्चचे उदाहरण तर कायदेपंडितांस मौजेचे वाटेल. प्रभुभोजनाचा एकच प्याला सर्वांनी ओठास लावणे धोक्याचे झाले, तेव्हा भाविकांस फक्त भाकर द्यावी असे ठरले. आता भाकर आणि द्राक्षारस ही दोन्ही सामान्य जनांस मिळालीच पाहिजेत, यासाठी त्या देशात सोळाव्या शतकात केवढा झगडा झाला होता ! त्या झगड्याचे फळ म्हणून 1547 साली जो कायदा झाला, त्याने दोन्ही वस्तू देण्याचा नियम घातला. परंतु त्याच कायद्यात निकडीच्या प्रसंगी अपवाद करण्याची मोकळीकही ठेवली होती. पावणेपाचशे वर्षे जवळजवळ विस्मृतीत पडून असलेली ती फट 2020 साली कामास आली. नियम करणाऱ्याने नियमाबरोबर त्याचा अपवादही लिहून ठेवावा, यातच त्याचे शहाणपण असते. आमच्या धर्मशास्त्रकारांनी आपद्धर्म नावाचे स्वतंत्र प्रकरणच रचिले ते याच शहाणपणाने. आपद्धर्म म्हणजे धर्माची सुटी नव्हे. आपत्काली जो करावयाचा तोच धर्म. ज्या धर्मात आपद्धर्मास जागा नाही तो धर्म कर्मठ नसून केवळ आळशी आहे, कारण विचार करण्याचे कष्ट त्याने टाळलेले असतात.

महाराष्ट्रातही हेच घडले. मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांतात सार्वजनिक मिस्सा मार्चमध्येच थांबविण्यात आल्या, आणि सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावर मोतमाउलीची जी जत्रा भरते ती त्या वर्षी नेहमीसारखी भरली नाही. आणि आमच्या वारीचे काय झाले ? शतकानुशतके पायी चालणारी वारी 2020 च्या आषाढीस थांबली, आणि संतांच्या पादुका मोजक्या मानकऱ्यांसह एसटीच्या गाडीतून पंढरीस गेल्या. वारकऱ्यांनी हे डोळ्यांत पाणी आणून पण निमूटपणे मान्य केले. ईमच्या घळीत उभा असलेला शेतकरी आणि घरच्या उंबऱ्यावरून पंढरीच्या दिशेने हात जोडणारा आमचा शेतकरी हे एकमेकांच्या भाषेतला एक शब्दही न जाणणारे सख्खे भाऊ आहेत.

येथवर आम्ही संयमाची बाजू मांडली. आता त्याच संयमाच्या नावाखाली झालेल्या चुकांविषयी बोलले पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणे एकतर्फी होईल. आमच्या राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिले आहे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवले आहे. म्हणजे साथीत प्रार्थनामंदिरे मिटविण्याचा अधिकार सरकारास आहे, यात संशय नाही. परंतु अधिकार असणे ही एक गोष्ट आणि तो समतोलपणे वापरणे ही दुसरी. 2020 साली महाराष्ट्रात 5 ऑक्टोबरपासून उपाहारगृहे आणि मद्यगृहे निम्म्या क्षमतेने उघडली; सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांस मात्र 16 नोव्हेंबरच्या पाडव्यापर्यंत वाट पाहावी लागली. मद्याच्या पेल्यापुढे बसणाऱ्यास जो रोग होत नाही तो देवापुढे उभे राहणाऱ्यास कसा होतो, असे लोकांनी विचारले तर त्यांस अडाणी कोण म्हणेल ? वैद्यकीय कारण असेल तर ते फोडून सांगावयास हवे होते. अमेरिकेतही हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे 2020 मध्ये कॅलिफोर्नियातील एका चर्चची निर्बंधांविरुद्धची मागणी पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली गेली. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला न्यूयॉर्कने प्रार्थनास्थळांत दहा किंवा पंचवीस माणसांची घातलेली मर्यादा पाच विरुद्ध चार मतांनीच रोखली गेली. सहा महिन्यांत पारडे फिरले, कारण मधल्या काळात न्यायासनावरील एक व्यक्ती बदलली. इतक्या नाजूक काट्यावर लोकांच्या श्रद्धेचे आणि प्राणांचे वजन व्हावे, हे राष्ट्रास हितावह नाही. न्यायालय हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय विश्वास हाच होय.

दुसरी चूक मृतांच्या बाबतीत झाली. 30 मार्च 2020 रोजी मुंबईच्या पालिकेने, या रोगाने मेलेल्या सर्वांचे, मग धर्म कोणताही असो, दहनच व्हावे असे परिपत्रक काढले, आणि ओरड होताच ते फिरविले. पुढे वांद्र्याच्या एका दफनभूमीवरून वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा 22 मे रोजी न्यायालयाने दफनास आक्षेप घेणाऱ्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. ईमच्या लोकांनी पवित्र भूमीचा हक्क स्वतः सोडला. मुंबईत तो एका कागदाने काढून घेण्याचा प्रयत्न झाला. स्वतः दिलेले ते दान, आणि हिसकावून घेतलेली ती लूट; वस्तू एकच असली तरी दोहोंस एक नाव देता येत नाही.

तिसरी चूक प्रार्थनामंदिरांची स्वतःची आहे. भ्रमणध्वनीवर आणि संगणकावर उपासना दाखविली की कर्तव्य संपले, असे पुष्कळांस वाटले. ज्याच्या घरी ते यंत्र नाही, ज्या म्हातारीस ते चालविता येत नाही, आठ बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहतात अशा घरात ज्यास प्रार्थनेपुरता कोपराही नाही, त्याचे काय ? मंडळी घळीत नेली तेव्हा मॉम्पेसनने कोणास वगळले नव्हते. पडद्यावर नेली तेव्हा कित्येक मुकाट्याने वगळले गेले, आणि ते वगळले गेल्याचे कोणाच्या ध्यानीही आले नाही, कारण पडद्यावर रिकामे बाक दिसत नाहीत. जेथे तरुण मंडळींनी दाराशी शिधा पोहोचविला, एकट्या म्हाताऱ्यांची रोज विचारपूस केली, तेथे चर्च कुलूपबंद असूनही उघडे होते. जेथे केवळ पडदा उजळला, तेथे ते उघडे दिसूनही बंदच होते.

या सर्वांचे तात्पर्य आम्ही थोडक्यात सांगतो. प्रत्येक धर्मसंस्थेने, मग ती चर्च असो, देवस्थान असो, मशीद असो वा गुरुद्वारा असो, शांततेच्या काळातच आपला आपद्धर्म लिहून ठेवावा. साथ आली असता कोणते विधी गाळावयाचे, कोणते उघड्यावर करावयाचे, निर्णय कोणी घ्यावयाचा, जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे कोणी जावयाचे, आणि मृतांस निरोप कसा द्यावयाचा, हे त्यात असावे. सरकारने असा लेख प्रत्येक संस्थेकडून मागवावा, त्यावर वैद्यांचे मत घ्यावे, आणि वेळ येईल तेव्हा हुकूम सोडण्यापूर्वी त्या त्या समाजाच्या जाणत्या माणसांस बोलावून त्यांच्याच तोंडून तो सांगवावा. जो निर्बंध बाजारास तोच देवळास. आणि भेद करावयाचा झाल्यास त्याची कारणे व मुदत लेखी प्रसिद्ध करावी. यास खर्च नाही, खटला नाही, शिपाईही नाहीत. लागते ती थोडी दूरदृष्टी.

आमच्या धर्माभिमानी बंधूंस आमचे एवढेच सांगणे आहे की, शेजाऱ्याचा जीव वाचावा म्हणून ज्याने आपल्या देवाचे दार स्वतःच्या हाताने ओढून घेतले, त्याने त्या दिवशी देवाची पूजा केली नाही असे मानण्याचे कारण नाही. आणि धर्माची टवाळी करणाऱ्या आमच्या सुधारक मित्रांस सांगणे असे की, जे काम फौजफाट्याने पुण्यात साधले नाही ते एका डोंगराळ खेड्यात दोन भांडखोर पंथांच्या दोन उपदेशकांनी साधले. तेव्हा या शक्तीस हसण्याऐवजी ती लोकहिताच्या कामी जुंपावी, यातच सुधारणा आहे. आजही दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईमचे लोक कक्लेट डेल्फच्या घळीत त्या मृतांच्या स्मरणार्थ उपासनेस जमतात. जेथे पूर्वजांनी एकमेकांपासून दूर उभे राहून प्रार्थना केली, तेथे त्यांचे वारस आता खांद्यास खांदा लावून उभे राहतात. देवळाचे दार मिटले म्हणून धर्म बुडतो काय, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही.